उन्हाळ्याच्या मापाची पानं

गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं लागतात आणि ती मिळतात, याचं आपल्याला कधी आश्चर्य वाटत नाही. वाटायला हवं. मार्चअखेरीला सुपे-मोरगावच्या माळावर हाताने माती उकरून पाहा, वीतभर खाली गेलं तरी ओल लागत नाही. परतीचा पाऊस जाऊन पाच महिने झालेले असतात, पुढचा यायला अडीच महिने असतात आणि पारा चाळिशीकडे निघालेला असतो. अशा दिवसांत झाडाने गप्प बसावं. पण पळस फुलून जातो, फुलांमागोमाग त्याला पानं येतात. पिंपळ तांबूस होतो, कडुनिंब पोपटी. ज्या गवताची तहान झाडाच्या मानाने काडीएवढी, ते मात्र दिवाळीनंतर लगेच पिवळं पडून वाळलेलं असतं.

एकच माती, एकच पाऊस, आणि दोघांची पंचांगं मात्र वेगळी. सलग गवत आणि त्यात विखुरलेली झाडं अशा उष्ण प्रदेशाला सव्हाना म्हणतात. शाळेच्या भूगोलात तो आफ्रिकेत असतो आणि त्यात एक जिराफ उभा असतो. ब्राझीलचा सेराडो, उत्तर ऑस्ट्रेलियाचा बराचसा पट्टा आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला आपला दख्खनचा माळ हेही सव्हानाच. वर्षातले काही महिने पाऊस आणि बाकी सगळं कोरडं, हे या सगळ्यांत समान. शास्त्रज्ञांना इथे दोन उलटसुलट प्रश्न पडत आले. पाणी पुरेसं असेल तर झाडं दाटून जंगल का होत नाही? आणि पुरेसं नसेल, तर जी आहेत ती तरी कशी टिकतात?

पहिलं ठसठशीत उत्तर जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिश वाल्टर यांनी दिलं. आजच्या नामिबियात हिंडून १९३९ साली त्यांनी मांडलं, की गवताची मुळं उथळ, झाडांची खोल. पाऊस पडला की वरच्या थरातलं पाणी गवत उचलतं, गवताच्या जाळीतून निसटून खाली झिरपलेलं पाणी झाडांना मिळतं. दोघांची ताटं वेगळी, म्हणून भांडण नाही. उत्तर इतकं सुटसुटीत होतं की पुढची चाळीस-पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकांतून तेच फिरत राहिलं. १९८०च्या दशकात त्याला गणिती रूपही मिळालं.

मग मोजमापं झाली आणि घोळ सुरू झाला. पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमध्ये लाम्टो नावाचं संशोधन केंद्र १९६२पासून आहे (मॅक्सिम लामोत आणि ज्याँ-ल्युक तुर्निए या दोन संस्थापकांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून हे नाव झालं). तिथे ताडाची झाडं उभी आहेत आणि खाली पुरुषभर गवत. पाण्यातला जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन वेगवेगळ्या खोलीवर वेगवेगळ्या प्रमाणात असतो. त्यामुळे झाडातलं पाणी तपासलं की ते कुठल्या थरातून आलं, हे ओळखता येतं. १९९५ साली लाम्टोतल्या संशोधकांनी असं तपासलं तेव्हा दिसलं, की तिथली झुडपं आणि गवत दोघंही मुख्यतः वरच्याच थरातून पितात. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात अँड्र्यू कुलमटिस्की आणि कॅरन बिअर्ड यांनी आणखी थेट मार्ग काढला. जड हायड्रोजनचं पाणी ठरावीक खोलीवर सुईने सोडायचं आणि ते कुणाच्या अंगात सापडतं ते पाहायचं. २०१०मध्ये त्यांनी लिहिलं ते असं : झाडांची पोच थोडी खोल असते हे खरं, पण पाणी असतं तेव्हा दोघांचीही गर्दी वरच्या थरातच. ताटं वेगळी नाहीत, एकाच ताटात दोघांचे हात आहेत.

आता यातून सुटका कशी? माझ्या मते सगळ्यात चांगलं उत्तर उत्तर ऑस्ट्रेलियातून, डार्विन शहराच्या आसपासच्या रानांतून आलं. तिथे जरा रेंगाळावं लागेल.

डार्विनला वर्षाला सुमारे सतराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा नोव्हेंबर ते एप्रिल या काळात. मे ते सप्टेंबर आभाळ कोरडं ठाक. शहरापासून पस्तीसेक किलोमीटरवर हॉवर्ड स्प्रिंग्जचं रान आहे. लाल माती आणि दोन मुख्य झाडं, दोन्ही नीलगिरीच्या कुळातली, दोन्ही सदाहरित. त्यांच्याखाली गवत. तिथे डेरेक इमस, अँथनी ओग्रेडी आणि लिंडसे हटली यांनी १९९०च्या दशकात झाडांच्या खोडात बारीक सुया बसवल्या. पद्धत साधी आहे. मधली सुई क्षणभर तापवायची. खोडातून वर जाणारं पाणी ती ऊब सोबत नेतं. वरच्या सुईपर्यंत ती किती वेळात पोचली, त्यावरून पाण्याचा वेग कळतो. खोडाच्या पाणी वाहणाऱ्या बाहेरच्या लाकडाची जाडी मोजली, की झाड दिवसाला किती लिटर पितं हे निघतं.

१९९९च्या त्यांच्या शोधनिबंधाचं शीर्षकच सांगून टाकतं, की कोरड्या हंगामात झाडांचा पाणीवापर वाढतो. घटत नाही, टिकूनही राहत नाही, किंचित वाढतो. चार महिने पाण्याचा थेंब नसताना झाडं भर पावसातल्याइतकं किंवा थोडं जास्त पाणी हवेत सोडत होती. कारण हवाच जास्त कोरडी असते, ती पानांतून जास्त ओढते. झाडं दुपारी पर्णरंध्रं आवळून घेतात, तरी बेरीज कमी येत नाही. ही बेरीज म्हणजे जमिनीच्या क्षेत्रावर पसरून दिवसाला साधारण एक मिलिमीटर. ऐकायला फार नाही, पण हेक्टरी ते दहा हजार लिटर होतं. हे पाणी पावसाळ्यात त्या लाल मातीच्या काही मीटर जाडीत मुरलेलं असतं. झाडं वरच्या थरापासून सुरुवात करतात आणि हंगाम सरत जाईल तशी खाली खाली उतरतात.

पण मला यातलं दुसरं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. पावसाळ्यात पाणी उदंड असतं, तेव्हा ही झाडं जास्त का पीत नाहीत? २०००च्या दुसऱ्या निबंधात याच गटाने याचं कारण मांडलं. झाडावर किती पानं असावीत आणि त्यांना पाणी पुरवणाऱ्या लाकडाची ताकद किती असावी, हे कोरडा हंगाम ठरवतो. सप्टेंबरमध्ये जेवढी पानं पोसता येतात तेवढीच झाड बाळगतं. जानेवारीत पायाशी पाणी साचलं तरी पानं तेवढीच, आणि ढगाळ दमट हवेत ती पाणी कमीच सोडतात. म्हणजे पाऊस किती आला यावर झाडाचा पावसाळी खर्च ठरत नाही. पाऊस नसेल तेव्हा काय परवडेल, यावर ठरतो.

आणि मग झाडांनी न उचललेलं पावसाळ्यातलं ते सगळं पाणी? त्यातलं पुष्कळसं झिरपून ओढ्यांना जातं. उरलेल्यावर गवत जगतं. हॉवर्ड स्प्रिंग्जला पावसाळ्यात जमिनीवरून जेवढी वाफ उठते, तिचा पाऊण भागापर्यंत वाटा झाडांखालच्या गवताचा, रोपांचा आणि उघड्या मातीचा असतो. कोरड्या हंगामात तोच वाटा आक्रसतो आणि झाडं जवळपास एकटीच उरतात. वर्षभराचा आलेख काढला तर झाडांची रेघ सपाट आणि गवताची रेघ डोंगरासारखी उठून कोसळणारी. वाल्टरसाहेब जमिनीची खोली मोजत राहिले. वाटणी होती ती महिन्यांची.

त्या गवताविषयी सांगायलाच हवं, कारण ते आपल्या नात्यातलं आहे. डार्विनच्या रानातलं मुख्य गवत म्हणजे ज्वारीची जंगली चुलतबहीण. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतलं तिचं जवळपास सगळं बी एकदम उगवतं, पुढच्या वर्षासाठी म्हणून काही मागे ठेवत नाही. तीन-चार महिन्यांत पुरुषापेक्षा उंच होतं, मार्च-एप्रिलमध्ये बी टाकतं आणि मरतं. मूळ राहत नाही, खोड राहत नाही. तिची पुढची पिढी फक्त मातीतल्या बियांत असते. डार्विनच्या पूर्वेकडच्या काकाडू भागातल्या मूळनिवासी लोकांच्या वर्षात सहा ऋतू आहेत. त्यांतला एप्रिलचा ऋतू बँगरेंग. शेवटची वादळं येतात आणि ते वाळू लागलेलं उंच गवत झोपवून टाकतात, त्याचा हा ऋतू. पाण्याचा हंगाम संपला हे सांगायला त्यांना आणखी खूण लागत नाही.

नाती एवढ्यावर थांबत नाहीत. त्या रानात पानगळीची झाडंही आहेत. त्यांतलं पिवळ्याधमक फुलांचं एक झाड आपल्या गणेरीचं, म्हणजे सोनसावरीचं, सख्खं भावंड. दुसरं ऐन-हिरड्याच्या कुळातलं. कोरडा हंगाम लागला की ही पानं झाडून मोकळी होतात. म्हणजे एकाच रानात काही झाडं सगळं वर्ष बेताने खर्च करणारी आणि काही निम्मं वर्ष दुकान बंद ठेवणारी.

इथे सरळ तर्क सांगतो, की सदाहरित झाडांची मुळं खोल असणार आणि पानगळीच्या झाडांची उथळ. ब्राझीलमध्ये तो तर्कही आपटला. ब्राझिलियाजवळच्या सेराडोत १९९५ आणि १९९६ अशा दोन कोरड्या हंगामांत दहा जातींची झाडं तपासली गेली, पाच सदाहरित आणि पाच पानगळीची. सदाहरितांपैकी चार दोन मीटरच्या वरच्याच थरातून पीत होती. त्याहून खोल हात घालणाऱ्यांत पानगळीची तीन आणि सदाहरित एक निघालं. पानगळीच्या झाडाला इतकी खोल विहीर कशाला हवी? त्याचा हिशोब असा लागतो, की ते कोरड्या हंगामाच्या ऐन टोकाला नवी पानं काढतं. जुनी पानं ठेवायला फार पाणी लागत नाही. नवी फुलवायला लागतं.

आपल्या पळसाचं कोडं इथे सुटू लागतं. अमेरिकी शास्त्रज्ञ रोल्फ बॉर्खर्ट यांनी उष्ण कटिबंधातल्या कोरड्या जंगलांचा आयुष्यभर अभ्यास केला. २००६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी थायलंड आणि भारतातल्या मोसमी जंगलांविषयी लिहिताना या पालवीला सरळ विरोधाभास म्हटलं, कारण तिथली बहुतेक झाडं पावसाच्या महिना-दोन महिने आधी, सगळ्यात कडक उन्हात पानं काढतात. घडतं ते असं. जुनी पानं गळली की झाडातून पाणी जायचं थांबतं. खोलवरची मुळं मात्र हळूहळू ओढत असतात. त्यामुळे खोड आणि फांद्या पुन्हा पाण्याने भरतात, आणि बाहेर पाऊस नसतानाही कळ्या फुगायला लागणारा दाब तयार होतो. फेब्रुवारीत निष्पर्ण पळस फुलतो तो या साठ्यावर. पानांचा मुहूर्त पुष्कळ जातींत वाढत्या दिवसावरून ठरतो. विषुववृत्ताच्या जवळ दिवसाचा लहानमोठेपणा नगण्य असतो असं आपण मानतो, पण अर्ध्या तासाचा फरकही झाडाला पुरतो.

एवढी घाई कशासाठी? एक कारण उघड आहे. पाऊस पडेल त्या दिवशी पानं तयार असली तर आखूड हंगामातला एकही दिवस वाया जात नाही. दुसरं कारण तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात के. एस. मुरली आणि रामन सुकुमार यांनी १९९३मध्ये दाखवून दिलं. पाऊस पडला की अळ्या आणि किडे निघतात, त्यांना कोवळी लुसलुशीत पानं हवी असतात. आधी पालवलेल्या झाडांची पानं तोवर जून, चिवट झालेली असतात, त्यांचं नुकसान कमी होतं. उशिरा पालवणाऱ्यांची चाळण होते. म्हणजे चैत्रातला पाण्याचा खर्च हा किड्यांविरुद्धचा बंदोबस्तही आहे.

झाडं आणि गवत यांच्यात नुसतं वैर असतं असंही नाही. रात्री पर्णरंध्रं मिटली, ओढ थांबली, की खोल मुळांनी आणलेलं पाणी कोरड्या वरच्या थरात उलटं पाझरतं. सेराडोतल्या झाडांत हे मोजलं गेलं आहे. मग झाडाखालच्या गवताची चैन असेल? उत्तर टांझानियात बाभळीच्या जातीच्या झाडांभोवती चर खणून त्यांची मुळं तोडली गेली. रात्रीचा पाझर बंद झाला. तरी गवत आधीपेक्षा जास्त वाढलं. झाड रात्री देतं त्यापेक्षा दिवसा जास्त घेतं, असा त्याचा निकाल. उलट बाजूनेही तेच : क्रूगरमध्ये गवत काढून टाकलं तशी झाडं जोमाने वाढली. रोपट्याच्या वयात असताना तर झाड गवताच्या पूर्ण ताब्यात असतं. त्याची मुळं अजून त्याच वरच्या वीतभर मातीत असतात, जिथे गवताच्या मुळांची चटई विणलेली असते.

आता दख्खनच्या माळावर येऊ. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत, फलटण-बारामतीकडे, तो पाचशेच्या घरात येतो. मातीची जाडी कुठे वीत, कुठे हात. खाली मुरूम, त्याखाली कातळ. डार्विनसारखी काही मीटर लाल माती इथे नाही, त्यामुळे झाडांचं खोल पाणी म्हणजे मुरमातलं आणि कातळाच्या भेगांतलं पाणी. हिवर, बोर, खैर, हिंगण उभी दिसतात ती अशी भेग सापडलेली झाडं. दोन हिवरांमधलं अंतर माणसाने ठरवलेलं नसतं.

गवतांमध्ये शेडा, पवन्या, मारवेल ही चांगली, गुरांना आवडणारी. आणि कुसळी. हे कुसळी गवत उत्तर ऑस्ट्रेलियातही आहे, अगदी तीच जात. दिवाळीनंतर माळावरून चालून आलात तर त्याचं बी पायमोज्यात सापडतंच. एक काढून नीट पाहा. टोकाला सुईसारखी अणी, तिच्यावर उलट्या दिशेची तपकिरी लव, आणि मागे पीळ दिलेली लांब काळपट शेपटी, मध्ये गुडघ्यासारखी वाकलेली. तळहातावर ठेवून त्यावर थुंकीचा एक थेंब टाका. काही सेकंदांत शेपटी स्वतःभोवती फिरू लागते, पीळ उलगडतो. वाळली की पुन्हा वळते. माळावर दवाने भिजून, उन्हाने वाळून ते बी असं स्क्रूसारखं मातीत उतरतं, आणि उलटी लव त्याला मागे येऊ देत नाही. मेंढीच्या लोकरीतून कातडीपर्यंतही ते याच युक्तीने जातं, म्हणून धनगर कुसळी पिकल्यावर कळप तिथून काढतात. दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे कळपांसकट फिरणारी कुटुंबं, कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गवत जेव्हा जमिनीच्या वर जिवंत असतं, नेमके तेच महिने ते माळावर असतात.

या माळाला सरकारी कागदावर कित्येक दशकं ‘पडीक’ म्हटलं गेलं. इथे एके काळी घनदाट जंगल होतं, ते तोडलं म्हणून माळ झाला, ही समजूत त्यामागे आहे. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले महेश शंकरन यांनी सहकाऱ्यांसह २००५ साली आफ्रिकेतल्या ८५४ ठिकाणांची आकडेवारी मांडली. वर्षाला साधारण साडेसहाशे मिलिमीटरच्या खाली पाऊस असेल तर झाडांची दाटी पावसानेच रोखलेली असते. त्यासाठी आगीची, कुऱ्हाडीची किंवा गुरांची गरज नसते. आफ्रिकेचा आकडा जसाच्या तसा दख्खनला लावू नये, माती वेगळी आहे. पण पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस आणि वीतभर मातीचा माळ मुळात जंगल होता, असं म्हणणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी येते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी अलीकडे जुन्या मराठी वाङ्मयातले वनस्पतींचे उल्लेख गोळा केले, तेव्हा शेकडो वर्षांपूर्वीही या भागात माळावरचीच झाडं नांदत होती असं चित्र पुढे आलं.

तरी माळावर झाडं लावायला खड्डे पडतच राहिले. राज्याने २०१६ साली दोन कोटी झाडांपासून सुरुवात केली आणि २०१९मध्ये तेहतीस कोटींचं लक्ष्य ठेवलं. त्यात रस्त्याकडेची, शाळांची, शेताच्या बांधावरची झाडंही होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती चांगल्या गवताची चटई खणून तिथे गिरिपुष्प किंवा नीलगिरी लावण्याबद्दल. पहिली दोन-तीन वर्षं त्या रोपांना उन्हाळ्यात टँकरने पाणी घालावं लागतं, यातच माळाचं उत्तर आलं. आणि रोपं जगली तर पुढे काय? २००५ साली रॉबर्ट जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या वनीकरणाचा हिशोब केला. गवताळ आणि झुडपी जमिनीवर लावलेल्या झाडांमुळे ओढ्यांचं पाणी वर्षाला सरासरी २२७ मिलिमीटरने घटलं, तेरा टक्के ओढे किमान एक वर्षभर पूर्ण आटले. सपाट रेघेचा हा परिणाम. गवत चार महिने पितं आणि थांबतं, लावलेलं सदाहरित झाड बारा महिने पितं, आणि ज्याच्या पानांचं माप या माळावर घेतलेलंच नाही ते बेतानेही पीत नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९५पासून सरकारी खर्चाने परदेशी झाडं तोडायची योजना चालवली आहे, ती नद्यांना पाणी राहावं म्हणून. तोडायच्या यादीत ऑस्ट्रेलियातून आणलेल्या बाभळी आणि नीलगिरी आहेत. डार्विनजवळच्या रानात त्यांचीच भाऊबंद झाडं शहाण्यासारखी वागतात, हे लक्षात असू द्यावं.

माळ सुधारायचाच असेल तर स्वस्त मार्ग गावांनी आधीच काढलेला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी केली. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून न्यायचं. त्याच गावात पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि रब्बीला काय पेरायचं ते त्यावरून ठरवतात. चराईबंदीने गवत वाढतं यात नवल नाही. पण विळा आणि तोंड यांत फरक कशाने पडतो, ते गवताच्या वर्षात पाहिलं की कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये मेंढीने खाल्लेलं पान हे मूळ पोसणारं पान असतं. ते सारखं खुडलं गेलं की मूळ आखडतं, आधी शेडा आणि पवन्या जातात, मग कुसळी माजते, शेवटी तीही विरळ होऊन उघडा मुरूम दिसू लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पात्यातला बराचसा ऐवज खाली बुडख्यात आणि मुळांत उतरलेला असतो, वर राहिलेली वैरण गवताच्या लेखी वापरून झालेली असते. तेव्हा ती कुणीही कापून न्यावी, गवताचं त्यात काही जात नाही.